ती पांढरी रेघ माझी नव्हती

मंदार, तुझी शोकसभा वर्कशॉपमध्येच घेतली. गावात हॉल मिळत होता, पण प्रज्ञा म्हणाली, त्याला इथंच बरं वाटेल. बायकोचा शब्द, कोण मोडणार? उरण रोडवरच्या आपल्या शेडमध्ये दोन्ही रेसच्या गाड्या भिंतीला सारल्या, मध्ये सतरंज्या टाकल्या आणि तुझा फोटो टूल ट्रॉलीवर ठेवला. फोटोचा हार सारखा ट्रॉलीच्या ड्रॉवरला अडकत होता. बाहेर कंटेनरचे ट्रेलर नेहमीसारखे कोंडीत अडकून हॉर्न मारत होते, त्यामुळे बोलणाऱ्याला दर दोन वाक्यांनी थांबावं लागत होतं. भाषणं तुला कधी सोसली नाहीत, तेव्हा तेवढं तरी तुझ्या मनासारखं झालं.

सगळे चांगलंच बोलले. गेलेल्या माणसाबद्दल दुसरं काय बोलणार? गाड्यांची तांत्रिक तपासणी करणारे ते पांढऱ्या मिशांचे अधिकारी मुद्दाम चेन्नईहून आले होते. ते म्हणाले, मंदारच्या गाडीखाली वाकताना आम्ही निर्धास्त असायचो, कारण या टीममध्ये दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय एकही बोल्ट ट्रॅकवर जात नसे. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. प्रज्ञा माझा हात धरून बसली होती. पण काल वर्कशॉपवरून घरी जाताना नवीन पनवेलच्या सिग्नलला रिक्षात मला इतकं रडू कोसळलं की रिक्षावाल्याने मीटर सोडून मागे वळून बघितलं. त्याला वाटलं असेल, बाईंचं जवळचं कोणी गेलं. गेलं होतंच. पण मी त्यासाठी रडत नव्हते. मी संतापाने रडत होते.

आता तू मला मध्ये तोडू शकत नाहीस. 'वैशू, आधी ट्रक भरून घेऊ, मग बोलू' असंही म्हणू शकत नाहीस. तेव्हा ऐक.

इंजिनियरिंगला आपण एका बाकावर होतो. नंतर मी तळोज्याच्या कारखान्यात पंपांची ड्रॉइंग काढायला लागले आणि तू धड चाललेली नोकरी सोडून रेसिंग टीम काढलीस. तुझ्या आईने माझ्या आईला फोन करून विचारलं होतं, याला काही झालंय का म्हणून. एका रविवारी तू घरी आलास, पोहे खाल्लेस आणि म्हणालास, "पंपातून शेवटी पाणीच निघणार, वैशू. तू माझ्याकडे ये." मी आले. आजपर्यंत मला या गोष्टीचा पस्तावा झालेला नाही, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यात ते राहून जाईल.

पहिल्याच दिवशी तू माझ्या हातात एक पांढरं पेंट पेन दिलंस. टीमची पद्धत समजावलीस. बोल्ट आवळणारा माणूस त्यावर पिवळी रेघ ओढणार, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरणारी. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग दुसऱ्याने यायचं, किती आवळलंय ते मोजणारा टॉर्कचा पाना लावून तोच बोल्ट पुन्हा तपासायचा आणि पिवळीशेजारी पांढरी रेघ ओढायची. ज्याने आवळलं त्याने पांढऱ्या पेनाला हात लावायचा नाही. मग तो हेल्पर असो नाहीतर टीमचा मालक. "आपल्या हातावर आपला विश्वास असतोच," तू म्हणाला होतास, "म्हणून तर दुसऱ्याने बघायचं."

आवळायला तू आणि आपला मेकॅनिक पद्माकर, बघायला मी. पांढरी रेघ म्हणजे वैशाली, हे हळूहळू सगळ्या पॅडॉकला, ट्रॅकमागे टीमचे तंबू लागतात त्या आवाराला, माहीत झालं. सुरुवातीला ट्रॅकवरचे लोक मला विचारायचे, तुम्ही ड्रायव्हरच्या बहीण का? तू लांबूनच ओरडायचास, "ती गाडीची सासू आहे. तिने हो म्हटल्याशिवाय गाडी उंबरा ओलांडत नाही." लोक हसायचे, पण पुढच्या वेळेपासून मलाच विचारायचे. ज्या धंद्यात बाईच्या हातात लोक फार तर छत्री देतात, तिथे तू माझ्या हातात शेवटचा शब्द दिलास. म्हणूनच तर तू तो परत घेतलास तेव्हा इतकं लागलं.

कोइमतूरची ती रेस. क्वालिफाइंगमध्ये आपल्या ड्रायव्हरच्या, ओंकारच्या गाडीचा पुढचा डावा ब्रेक अडकून धरायला लागला होता. दोन सेशनच्या मधल्या वेळात चाकाला ब्रेक दाबणारा कॅलिपर बदलायचा होता. पद्माकर दुसऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सखाली आडवा झाला होता आणि नवे टायर घ्यायला माणूस पाठवायचा होता. टायर नावावर देतात, टीमने ज्याचं नाव दिलंय त्यालाच. तिथे माझं नाव होतं, म्हणून मी गेले. पॅडॉकच्या त्या टोकाला उन्हात रांग लागलेली. प्रत्येक टायर स्कॅन होऊन, शिक्का बसून बाहेर येत होता. मी ट्रॉली ढकलत परत आले तोवर ओंकारची गाडी ट्रॅकवर सोडणाऱ्या पिट लेनमध्ये गेली होती. हुकाला अडकवलेला माझा एप्रन खाली पडला होता. मी विचारलं, "ब्रेक कोणी बघितला?" तू हेडफोन चढवत म्हणालास, "झालंय." मला वाटलं, पद्माकर बाहेर येऊन बघून गेला असेल.

सरळ रस्त्याच्या शेवटी ओंकारने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. टायरच्या भिंतीवर आदळली. त्याच्या उजव्या मनगटाचे तुकडे झाले. त्या वर्षी परदेशातल्या एका टीमने त्याला चाचणीला बोलावलं होतं. पोरगा तिकिटं काढून बसला होता. मनगटात पट्टी आणि स्क्रू घालून घेऊन तो पुण्याला घरी बसला.

अधिकाऱ्यांच्या खोलीत टेबलावर तो कॅलिपर ठेवला होता. वरचा बोल्ट जागेवर, खालचा अर्धा बाहेर आलेला. दोन्हींच्या डोक्यावर पिवळी रेघ, शेजारी पांढरी. त्यांनी विचारलं, आवळलं कोणी? तू म्हणालास, मी. त्यांनी विचारलं, आणि तपासलं कोणी? तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, तू शब्द जुळवतोयस. मी वाट बघत राहिले. आणि तू काय म्हणालास? "टीम म्हणून आम्ही सगळी जबाबदारी घेतो, सर. कोणा एकाचं नाव नको." काय सुंदर वाक्य! ऐकणाऱ्या प्रत्येकाने मनातल्या मनात माझं नाव घेतलं, आणि तू मला पाठीशी घातलंस म्हणून तुझं कौतुकही केलं. बाहेर पडताना त्या मिशीवाल्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. मला लेखी समज मिळाली.

मी तिथेच का बोलले नाही? कारण ती रेघ तू ओढलीस असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नव्हतं; मला वाटलं, पद्माकरने ओढली असेल, आणि सगळ्यांसमोर त्याला कसं उघडं पाडायचं? ते तू मला दुसऱ्या दिवशी सांगितलंस, हुबळीच्या अलीकडे दुपारी चहाला थांबलो तेव्हा. ट्रकच्या सावलीत उभा राहून, ग्लास हातात धरून. वरचा बोल्ट पान्याने पक्का केला, खालचा हाताने बसवला, तेवढ्यात कोणीतरी लॅप मोजायच्या यंत्रासाठी हाक मारली. परत आलास आणि दोन्ही पक्के झालेत असं समजून पिवळ्या रेघा ओढल्यास. पिट लेनचं गेट बंद होणार होतं. माझ्या एप्रनच्या खिशातून पांढरं पेन काढलंस आणि माझ्या रेघाही ओढून टाकल्यास.

अशी चूक कोणाच्याही हातून होते, मंदार. नेमकी हीच चूक पकडायला ती पद्धत होती. मला चुकीचा राग नव्हताच. तू पुढे जे समजावलंस त्याचा राग आहे. मालकानेच तपासणी टाळली असं कळलं तर टीमचं लायसन्स जाईल, शेड बंद होईल, पद्माकरसकट सगळी घरी बसतील. "माझं नाव आलं तर टीम संपते. तुझ्यावर आलं तर नुसती समज." ट्रकमध्ये कुठलं सामान कुठे बसवायचं हे तू ज्या आवाजात सांगायचास, त्याच आवाजात हे सांगितलंस. मी विचारलं, "आणि ओंकार?" तू म्हणालास, "ओंकारला मी स्वतः सांगणार. सीझन संपू दे."

मी एवढंच मागितलं होतं. अधिकाऱ्यांना नको, पेपरला नको. ज्याचं मनगट गेलं त्याला खरं सांग.

मग तू मला 'थोडे दिवस' गाडीवरून काढून ट्रकवर टाकलंस. लोकांची कुजबुज शांत होऊ दे म्हणालास. तीन सीझन मी ट्रकच बघितला. चांगला बघितला, हे तूही कबूल करशील. ट्रॅकवर पोचल्यावर जे सगळ्यात आधी लागतं ते सगळ्यात शेवटी भरायचं, हे तुझं वेड मी उचललं आणि तुझ्यापुढे गेले. तंबू आणि जमिनीवर टाकायच्या चटया दाराशी, त्यामागे जॅक आणि जनरेटर, सुटे गिअर मधोमध. इथल्या खाडीच्या हवेत बेअरिंग रात्रीत गंजतात, म्हणून ती तेलाच्या कागदात गुंडाळून पार आत. बंदरात अडकलेले शॉक अब्सॉर्बर सोडवायला उरणला किती खेपा घातल्या असतील! तिथल्या कस्टमच्या एका साहेबांना मी तासभर पटवत होते की हे विकायला नाही आणलेलं, आमच्याच गाडीला लावणार आहोत. ते म्हणाले, "मग गाडी तरी विकणार ना?" राज्याच्या सीमेवर पोलीस रेसची गाडी बघायला म्हणून ट्रक उघडायला लावायचे आणि फोटो काढून झाल्यावर कागद बघायचे. हे सगळं तुला रंगवून सांगितलं की तू पोट धरून हसायचास. आपण हसत होतो रे तेव्हाही. मला तुझ्याबरोबर हसणं सोडता आलं नाही, यातच सगळं आलं.

पण हसून झालं की मी विचारायचेच. सांगितलंस का? पहिल्या वर्षी म्हणालास, त्याच्या मनगटाचं दुसरं ऑपरेशन होऊ दे. मग म्हणालास, तो आता सिम्युलेटरवर मुलांना शिकवतो, मनाने सावरलाय, कशाला खपली काढायची? एकदा एक्स्प्रेस वेवर, खालापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत मी स्टिअरिंगवरून हात काढला आणि म्हटलं, आज फोन लाव, माझ्यासमोर लाव. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालास, "तुला माझ्यावर विश्वास नाही का?" मागचे हॉर्न मारायला लागले, मी गिअर टाकला. ते भांडण तिथेच राहिलं, अजून तिथेच आहे.

मग तुझं दुखणं निघालं. डॉक्टरांनी प्रज्ञाला बाहेर नेऊन जे सांगितलं ते तिने मला जिन्यात सांगितलं. तू मात्र रेसच्या आठवड्याची आखणी करावी तशी स्वतःच्या मरणाची आखणी केलीस. गॅसचं कनेक्शन प्रज्ञाच्या नावावर करून घेतलंस. ट्रकच्या फिटनेसची तारीख मला पाठ करायला लावलीस. पद्माकरला बोलावून पान्यांचा सेट त्याच्या हवाली केलास, तर तो गडी मांडीवर पेटी घेऊन रडत बसला. "भाऊ, तुमी बरं व्हनार हाय. आमी नाय नेनार पेटी," म्हणत होता. तू त्याला दटावलंस की नीट मोजून घे, दहाचा पाना तू नेहमी हरवतोस. एवढी सगळी निरवानिरव चालली होती आणि मी रोज संध्याकाळी तुझ्या उशाशी बसून एकाच गोष्टीची वाट बघत होते. आजारी माणसाला विचारायचं तरी कसं? तू जनरेटरच्या फिल्टरबद्दल बोलायचास आणि मी हो हो म्हणायचे.

शेवटी विचारलंच. तुझा आवाज बसला होता, मी कान जवळ आणला. "ओंकारला सांगितलंस?" तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "बोललोय मी त्याच्याशी. तो आला होता." मंदार, माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, थँक यू, मंद्या. थँक यू म्हणाले मी तुला! तू माझा हात दाबलास. त्या रात्री मी तीन वर्षांत झोपले नव्हते तशी झोपले. चार दिवसांनी तू गेलास, तेव्हा मी अगदी स्वच्छ मनाने रडले. प्रज्ञाला म्हटलंसुद्धा, जाता जाता त्याने सगळं निस्तरलं हो.

शोकसभेच्या दिवशी ओंकार कोइमतूरला होता. काल तो वर्कशॉपवर आला. थोडा जाड झालाय, मनगट अजून पूर्ण वळत नाही. मी त्याला एवढ्या वर्षांत समोरासमोर पाहिलं नव्हतं. त्याने तुझ्या फोटोला नमस्कार केला, मग माझ्याकडे आला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, आता हा म्हणणार, सॉरी मॅडम, मी तुमच्यावर उगाच राग धरला.

तो म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला माफ केलंय. मनापासून. सरांनी बोलावून घेतलं होतं मला. रडत होते. म्हणाले, वैशालीवर राग धरू नकोस, चूक कोणाकडूनही होते, माझ्यासाठी तिला माफ कर." मग म्हणाला की डॉक्टरांनी परवानगी दिलीय, तो पुन्हा आपल्याच टीमकडून गाडी चालवणार, तुझी तशी इच्छा होती. आणि मला बरं वाटावं म्हणून हसून म्हणाला, "या वेळी मात्र नीट बघाल ना?"

म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास. बोलला होतास त्याच्याशी. माझ्यासाठी माफी मागितली होतीस.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. त्याला आपल्या गाडीत बसायचंय, कोणाच्या हातावर विश्वास ठेवून बसतोय ते त्याला कळायला नको? टायरची रांग, माझा एप्रन, हुबळीचा चहा, सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचे हात हळूहळू माझ्या हातांतून सुटत गेले. त्याने पद्माकरकडे बघितलं. "पदूभाऊ, तुम्ही होतात ना तिथं?"

पद्माकर फडक्याला हात पुसत राहिला. "मी दुसऱ्या गारीखाली व्हतो. मी काय नाय बगला," तो म्हणाला. "भाऊ आता नाय. गेलेल्या मान्साबद्दल आमी काय बोलायचा?" तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच काही बघितलं नव्हतं. बघणारा फक्त तू होतास.

ओंकार रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मॅडम, मी माफ केलं होतं ना? मग आता त्यांच्यावर कशाला ढकलताय? ते आहेत का सांगायला?" फोटोसमोर क्षणभर उभा राहिला आणि गेला. आपल्याकडून चालवणार नाही म्हणून आज सकाळी त्याने प्रज्ञाला कळवलं. प्रज्ञाचा मला फोन नाही.

तुझे उपकार मी विसरलेली नाही. बाबा आयसीयूत होते तेव्हा तू सगळी टीम कामाला लावली होतीस, कोण डबा आणणार, कोण रक्त देणार, आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिला होतास. तो माणूस आणि हा माणूस एकच, हेच मला सोसत नाही. दोघांपैकी एक खोटा असता तर मी एकाला रडले असते आणि दुसऱ्याला शिव्या दिल्या असत्या.

तुझ्या घरी सगळे म्हणतात, तो परत यावा, एकदा तरी यावा. प्रज्ञा म्हणते, तुझी आई म्हणते, पद्माकर पेटी उघडताना म्हणतो. मलाही तू परत हवा आहेस, मंदार. फक्त ओंकारसमोर उभं राहून एक वाक्य बोलण्यापुरता. ते बोल, आणि मग खुशाल जा.